अर्धी मूस

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भेटेल त्याला आधी एकच विचारत, "यंदा धान कसं हाये?" समोर तहसीलदार असो की बांगड्या भरणारी बाई, प्रश्न तोच. लांजेवार सर पुणं सोडून आमच्या शेजारच्या घरी, त्यांच्या आईजवळ राहायला आले, तेव्हा मामाजींनी कुंपणावरून त्यांनाही तेच विचारलं. सरांनी ना चेष्टा केली ना विषय बदलला. जरा विचार करून म्हणाले, "बी लावून झालं काका. आता आतमंधी काय होऊन राहिलं ते मात्र दिसत नाही."

"कोन्त्या बांधीत लावलं?" बांधी म्हणजे धानाचं खाचर.

"बांधीत नाही, मुशीत. लय दूर, तिकडे दक्षिणेत."

"अन् राखन?"

"ते मी अठूनच करतो."

मामाजी आत आले आणि मला म्हणाले, "सूनबाई, हा परभाकर लहानपनी असा नोहता वो. पुन्याचं पानी बाधलं वाटते त्याले."

पण सर एक अक्षर खोटं बोलले नव्हते. मी साकोलीच्या शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे शास्त्रातलं मला जेवढं उमगलं तेवढंच सांगते. चुकलं तर माझं चुकलं, सरांचं नाही. आपल्या फोनमधल्या, टीव्हीतल्या चिपा सिलिकॉनच्या असतात. त्या फार तापल्या की पिसाळतात, काम सोडतात. मग जिथे गरमीच गरमी आहे, इंजिनाजवळ म्हणा, खोल तेलविहिरीत म्हणा, तिथे दुसरा पदार्थ लागतो. त्याचं नाव सिलिकॉन कार्बाइड. त्याचा स्फटिक वाढवावा लागतो. ग्राफाइटची जाडजूड मूस, म्हणजे सोनं आटवायला घेतात तसलं भांडं, घ्यायची, तळाशी भुकटी भरायची आणि झाकणाला आतून एक पातळ चकती चिकटवायची. ती चकती म्हणजे बी. मूस दोन हजार अंशांच्या वर तापवली की भुकटी वितळत नाही, तिची थेट वाफ होते, आणि ती वाफ वर जाऊन त्या बियाण्यावर बसते. दिवसचे दिवस गेले की अंगठ्याएवढ्या जाडीचा स्फटिक तयार. सरांनी हे समजावलं तेव्हा मामाजी खूप हसले होते. "बी छताले अन् खत तळाले! उलटी शेती हाये बा तुही."

आता गंमत अशी, की त्या मुशीला खिडकी नाही. आत काही घालून बघावं तर ते जळून जातं. चुलीवरच्या गंजातला भात शिजला का हे बघायला आपण निदान झाकण तरी काढतो. इथे तीही सोय नाही. म्हणून सरांसारखा माणूस ती अख्खी मूस संगणकात गणितानं मांडतो. कुठे किती ताप, वाफ कुठून कुठे जाते, स्फटिकाचं पोट कुठे फुगतं, थंड होताना तो कुठे तडकेल. "ज्याच्या आत कोणालेच पाहता येत नाही, त्याच्या आत पाहायचा मले पगार भेटते," असं ते म्हणायचे, आणि स्वतःच लाजायचे.

ते पुण्याच्या एका संस्थेत होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडून आले. कुंदाताई, त्यांची बायको, बँकेत होत्या. बदली मिळेना, म्हणून त्या तिथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. आई गेल्या, तेरावं झालं, सर काही परत गेले नाहीत. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेचं काम ते घरूनच करायला लागले होते. "खोली लागते अन् लाईन लागते, दोन्ही अठी हाये," म्हणाले. नेमकी तेव्हाच लाईन, म्हणजे वीज, गेली. आमच्या गावात लाईन अशी वेळ साधूनच जाते.

एकदा मी त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर मूस पाहिली. लाल, नारिंगी, पिवळे पट्टे, मध्ये निळसर. सुंदरच होतं, पण अर्धंच. डावीकडची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ, मूस तिच्यापासून उजवीकडे. मी विचारलं, "बाकीची अर्धी?"

"ती काढायची गरज नसते."

"काहून?"

"गोल आहे ना बाई. इकडे जे होते तेच तिकडे होते. एक काप घेतला की झालं. पूर्ण मांडायले बसलं तर या मशीनचा जीव जाईन."

मला ते पटलं. कुणालाही पटेल. पण ही सवय त्या माणसाच्या हाडात मुरली होती. कागदावर काही काढायचं म्हटलं की ते आधी डाव्या कडेला उभी रेघ ओढत आणि तिच्या उजवीकडे अर्धं चित्र काढून पेन खाली ठेवत. चहा अर्धा कप. पोळी घडी करून खात, तेव्हा तीही अर्धीच दिसे. आणि फाटकाचं तर काय सांगू! अंगणाला दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक करायचं म्हणून सरांनी साकोलीच्या वेल्डिंगवाल्याला नक्षीसकट चित्र काढून दिलं. अर्धं. वेल्डिंगवाल्यानं इमानदारीनं जेवढं कागदावर तेवढं केलं आणि एकच पल्ला आणून ठोकून गेला. सर बाहेर येऊन बघतात तर एका बाजूला झोकदार वेलबुट्टी आणि दुसरी बाजू सताड उघडी. चूक त्यांच्या लक्षात यायलासुद्धा वेळ लागला. मनातल्या मनात त्यांनी दुसरा पल्ला केव्हाच लावला होता. मग तो खरा पल्ला करायचा राहूनच गेला. सर रोज संध्याकाळी तो एक पल्ला नीट बंद करत, कडी घालत, आणि शेजारून बकऱ्या आत जाऊन आईंच्या हातचा झेंडू खात. मामाजी ओसरीवरून ओरडत, "परभाकर, पाहुने आले रे!"

उन्हाळ्यात तर त्यांची त्रेधा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कावळाही चोच उघडून बसतो. दोन हजार अंशांचा हिशेब करणारा हा माणूस आमच्या पंचेचाळीसला हरायचा. संगणक तापून आपणहून बंद पडायचा आणि दिवस-दिवस चाललेलं गणित मधेच मोडायचं. मग सरांनी मोठा कूलर थेट संगणकापुढे लावला आणि आपण स्वतः ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून खोलीच्या दाराशी बसले. गणित चालू असलं की ते गाव सोडत नसत. लग्नाला नाही, वास्तूला नाही. "रन सुरू हाये," एवढंच सांगत. घरात कुणी आजारी आहे असं सांगावं, तसं सांगत. लोकांनी हळूहळू बोलावणं सोडलं. त्याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते बोलले नाहीत. मला मात्र वाटायचं. पंगत उठताना मी ताटलीवर झाकण घालून त्यांच्याकडे जेवण पाठवायची, तर दुसऱ्या दिवशी ताटली घासून परत यायची आणि तिच्यात मूठभर चिंचा नाहीतर दोन लिंबं असायची. रिकामी ताटली त्यांनी कधी पाठवली नाही.

एका गोष्टीसाठी मात्र ते न चुकता बाहेर पडत. दिवेलागणीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. आमच्या आळीत फोनला धड रेंज नसते, पाळीवर असते. तिथे उभं राहून सर कुंदाताईंना फोन करत आणि पाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तो पाठ झाला होता. "हां. जेवलो. तू? ... बरं. बरी आहेस ना? ... हां. मी पण. ठेवू?" झालं. एवढंच. मी एकदा शाळेतून येताना स्कूटी थांबवून बोललेच, "सर, बायकोले असं नाही विचारत. 'बरी आहेस ना' म्हटलं का ती 'हो'च म्हणनार. 'कशी आहेस' विचारा अन् मंग गप बसा जरा."

सर हसले. "अहो, ती ठीकच असते. मी अठी ठीक आहो, मंग ती तिथं ठीक नसाले काय झालं? तिच्याजवळ तं अख्खं पुणं हाये."

कुंदाताई एका दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईला आल्या. मंडई म्हणजे भाऊबीजेनंतरची जत्रा. लेकी-बाळी, पाहुणे-रावळे सगळे येतात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सरांचं रन सुरू होतं, म्हणून त्या माझ्याबरोबर मंडई फिरल्या आणि मग माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसल्या. नागपूरची बाई, बोलायला मोकळी. मी चुलीवर भरताची वांगी भाजत होते. त्या वासानं त्यांचे डोळे भरून आले, आणि धूर लागला असं त्या काही म्हणाल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, "एकटीसाठी वांगं कोण भाजते हो बाई? किती वर्षांनी हा वास घेतला."

मग म्हणाल्या, "मी बँकेतून घरी आली का आधी टीव्ही लावते. पाहत नाही काही. घरात आवाज पाहिजे म्हणून."

संध्याकाळी त्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या, मी चहा घेऊन गेले. पडद्यावर ती अर्धी मूस. सर उत्साहात त्यांना समजावत होते की एवढ्यावरून बाकीचं कसं आपोआप कळतं. कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तिकडची बाजू अशी नसली तर?"

"असतेच."

"नसली तर?"

"मग फार अवघड होते," सर म्हणाले. "फार वेळ लागते." आणि चहा घेतला, अर्धा कप.

त्या गेल्यावर मी सरांना टीव्हीचं सांगितलं. लपवायचं काय त्यात? सर म्हणाले, "कुंदा? छे हो. तिला शांतता आवडते. मला आवडते ना." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच हिवाळ्यात दक्षिणेतून फोन यायला लागले. स्फटिक तडकत होते. सरांच्या गणितानं सांगितलेल्या बेतानं तापवायचं, त्याच बेतानं हळूहळू थंड करायचं, आणि मूस उघडली की आत दोन तुकडे. पडद्यावर मात्र सगळं ठीक. ताण कमी, तडा जायचं कारणच नाही. सर रात्रंदिवस तेच गणित पुन्हा-पुन्हा चालवत. त्या दिवसांत त्यांची दाढी वाढली. मामाजी मला म्हणाले, "मावा पडला वाटते त्याच्या धानाले." आणि कुंपणावरून त्यांना म्हणाले, "परभाकर, जाऊन पाहून ये ना बा एकडाव." सर म्हणाले, "जाऊन पाहिलं तरी दिसत नाही काका, तेच तं."

मग तिकडच्या लोकांनी तुकडेच कुरियरनं पाठवले. सरांनी डबी आमच्या ओसरीवर आणून उघडली. इतकी वर्षं ज्याचं गणित केलं, तो स्फटिक त्यांनी हातात पहिल्यांदाच धरला होता. काळपट हिरवा, उन्हाकडे धरला की कडेला मध दिसायचा. मामाजींनी तुकडा घेऊन आमच्या खिडकीच्या काचेवर ओढला. काचेवर चांगली खोल रेघ उमटली. ती अजून आहे. "लय टनक हाये. मंग फुटला कायले?" मामाजींनी विचारलं.

सर दोन्ही तुकडे जुळवून-काढून बघत होते. अचानक थांबले. म्हणाले, "हा तडा मुशीच्या कोणत्या बाजूले होता?"

आम्हाला काय ठाऊक! पण तो प्रश्न आम्हाला नव्हताच. ते तसेच चपला न घालता पाळीवर गेले आणि फोन लावला. तिकडे कुणाला सांगता येईना. गोल वस्तूला कोणती बाजू? सरांनी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी मूस बसवाल तेव्हा झाकणावर आणि भट्टीवर समोरासमोर एक रेघ ओढा, आणि उघडाल तेव्हा तडा रेघेच्या कोणत्या अंगाला आहे ते सांगा. महिना-दीड महिना असा गेला. तडा दर वेळी एकाच अंगाला निघाला. आणि त्या अंगाला काय होतं? मूस गरम राहावी म्हणून तिला ग्राफाइटचं घोंगडीसारखं जाड कापड गुंडाळतात. त्या घोंगडीची दोन टोकं जिथे भेटत, तो सांधा त्याच बाजूला होता. सांध्यातून ताप निसटत होता. कुणी सरांना सांधा सांगितला नव्हता, कारण सांगण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. आणि सरांच्या अर्ध्या मुशीत सांध्याला जागाच नव्हती. अर्धं चित्र फिरवून गोल केलं की सांधा कुठून येणार?

"मी धरून चाललो होतो," सर म्हणत होते. "तिकडची बाजू अशीच असणार म्हणून धरून चाललो होतो बाई!" चेहरा असा उजळला होता की चूक सापडली आहे की लॉटरी लागली आहे, कळेना.

मग त्यांनी पूर्ण मूस मांडली, सांध्यासकट. तिचं एकेक गणित संपता संपेना. त्यातून त्यांनी काढलं की घोंगडीचे दोन थर द्यायचे, एकाचा सांधा दुसऱ्याच्या पाठीवर, आणि थंड करायची चाल अजून धीमी. पुढचा स्फटिक अखंड निघाला. त्या दिवशी सर साकोलीहून पेढे घेऊन आले आणि बस स्टँडपासून गावापर्यंत भेटेल त्याला वाटत आले. लोक विचारत, "काय झालं सर? जमीन घेतली काय?" सर म्हणत, "नाही, तडकला नाही." लोक पेढा तोंडात टाकून "वा, वा" करत आणि एकमेकांकडे बघत. एवढा मोठा आनंद, आणि तो कशाचा हे समजणारं माणूस मैलोगणती नाही. मला त्या वेळी त्यांची फार दया आली. मी तरी काय केलं? दुसरा पेढा मागून घेतला, एवढंच.

कुंदाताईंची निवृत्ती जवळ आली होती. सरांनी घराला तलावाच्या अंगाला एक नवी खोली काढली. मोठी खिडकी, शिंगाड्याची वेल पसरलेलं पाणी आणि पलीकडचं जंगल थेट दिसेल अशी. वेल्डिंगवाल्याला बोलावून फाटकाचा दुसरा पल्लासुद्धा करून घेतला. बकऱ्या बिचाऱ्या बाहेर उभ्या राहून बघत राहिल्या. मी विचारलं, "ताईंना खोली दाखवली काय फोनवर?"

"आली की ती पाहीनच ना."

"येते म्हणाल्या?"

"त्यात काय विचारायचं? आई होती म्हणून मी अठी, नोकरी होती म्हणून ती तिथं. आता दोन्ही नाही." कसं सरळ गणित!

निवृत्तीच्या आठवड्यातली संध्याकाळ. सर पाळीवर गेले ते लवकर आले नाहीत. मग आमच्या ओसरीवर येऊन बसले. मामाजी तिथेच होते.

"ती नाही येत म्हणते," सर म्हणाले.

"दिवाळीले?" मामाजींनी विचारलं.

"नाही काका. राहायलेच नाही येत."

मामाजी आत वळून म्हणाले, "सूनबाई, चाय मांड."

चहा समोर आला तरी सरांनी कपाला हात लावला नाही. स्वतःशीच बोलल्यासारखे सांगत होते. "म्हणे, तुमची आई गेली तेव्हा मी रोज वाट पाहिली, तुम्ही परत याल म्हणून. मग वाटलं, ये म्हणून बोलवाल. तुम्ही कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता मला एकटीचं जमलं, म्हणे. मोठ्या मुश्किलीनं जमलं, ते मोडू नका." मग म्हणाले, "चिडून नाही हो बोलली. चिडली असती तं बरं झालं असतं."

मला त्यांचा असा राग आला की सांगू नये. पोटात माया असली की राग जास्तच येतो. मी म्हणाले, "सर, त्या परक्या मुलखातल्या भट्टीले रेघ ओढाले लावली तुमी, कोणत्या बाजूनं फुटते म्हणून. घरच्या माणसाले काहून नाही विचारलं?" मामाजींनी माझ्याकडे डोळे वटारले. सर मात्र रागावले नाहीत. मान हलवत राहिले. मग उठून गेले, आणि जाताना आपलं नवं फाटक दोन्ही पल्ल्यांनी बंद करून घेतलं. कडी नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

काही दिवसांनी ते मला साकोलीच्या हायवेवर नागपूरच्या गाडीची वाट बघत दिसले. हातात पिशवी. संगणक बंद करून आले होते, म्हणजे समजा! "पुण्याले चाललो," म्हणाले.

"आणाले?"

"नाही. विचाराले."

"काय विचारणार?"

"ते ठरवलं नाही. ठरवून गेलो का मी उत्तर बी ठरवून टाकतो." गाडी आली, ते चढले.

आठवड्याच्या आत परत आले, एकटेच. कुंपणाशी, भाजीच्या वाफ्याजवळ उभे राहून मला सांगत होते. पुण्याचं घर लहान, नीटनेटकं. "स्वयंपाकघरात एकच खुर्ची हाये बाई. माझ्यासाठी तिनं शेजारून मागून आणली. संध्याकाळी टीव्ही लावते. पाहत नाही. आवाजासाठी लावते, म्हणे. मले ठाऊकच नव्हतं."

मी त्यांना हे सांगितलं होतं. याच कुंपणाशी उभं राहून सांगितलं होतं. पण त्या घडीला ते बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही. मी विचारलं, "मग येतील काय कधी?"

"नाही म्हणाली. पुन्हा विचारलं नाही मी." मग जरा वेळानं, "फोन करत जा म्हणाली."

त्यानंतर आमच्या ह्यांची नागपूरला बदली झाली. मामाजी आधी येईनात. धान घरात आल्याशिवाय पाय उचलणार नाही म्हणाले. धान आलं, टेम्पो भरला. निघायच्या आधी सरांचा निरोप घ्यायला मी शेजारी गेले तर फाटक बंद, आत दिवा नाही. खिडकीतून संगणकाचा पडदा तेवढा दिसला. मूस गोल, पुरी, हळूहळू रंगत चाललेली. त्या नव्या खोलीची खिडकीही बंदच होती.

गावातून निघायचा रस्ता पाळीवरूनच जातो. सर तिथे होते. उभे नव्हते, दगडावर बसले होते, फोन कानाला, दुसऱ्या कानात बोट, टेम्पोचा आवाज येऊ नये म्हणून. तलावावर अंधार उतरत होता आणि डासांचा नुसता घोळका डोक्यावर. ड्रायव्हरला मी गाडी हळू करायला सांगितली. मामाजींनी पुढच्या खिडकीतून डोकं काढून हाक दिली, "परभाकर, चाललो बा! यंदा धान कसं हाये?"

सरांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि हात उचलून आम्हाला थांबवल्यासारखा तळवा दाखवला. त्यांचं लक्ष फोनकडे होतं. गाडी अगदी जवळून गेली तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, "आणि मग?" थोडा वेळ काही नाही. पुन्हा, "बरं. मग?"

मामाजी डोकं आत घेऊन बसले. "बोलला नाही," म्हणाले. गाडी वळली तरी सर तसेच बसलेले मला आरशात दिसत होते, फोन कानाशी, मान खाली. ते ऐकत होते.